बिलात नवी मोटार, गाडीत जुनीच

जुन्या गाडीचा एकच वायपर भलत्या जागी थांबू लागला किंवा काचेच्या कडेच्या खांबावर आपटू लागला, तर ‘वायपरची मोटार गेली’ हे निदान लगेच मान्य करू नये. बहुतेक गाड्यांत दोन्ही वायपर एकाच मोटारीवर चालतात. त्यामुळे दुसरा वायपर नेमका आपल्या जागी थांबत असेल, तर दोष मोटारीत असण्याची शक्यता फार कमी असते. माझ्या गाडीत हेच घडत होते. तरीही गॅरेजवाल्याने मोटार आणि लिंकेज (मोटारीची हालचाल वायपरपर्यंत नेणारी जोडणी) दोन्ही बदलल्याचे बिल लावले, आणि जुने भाग मागितल्यावर ते भंगारात गेल्याचे सांगितले. वायपर तेव्हा व्यवस्थित चालत असल्याने संशयाला जागा नव्हती.

पुढे भर पावसात तोच वायपर पुन्हा सरकला. दुसऱ्या मिस्त्रीने आर्मच्या, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांडीच्या, मुळाशी असलेली टोपी काढली, तर आतला नट बोटांनी फिरेल इतका सैल होता. मग त्याने काचेखालचे प्लास्टिकचे आवरण उतरवून मोटार दाखवली: तिच्यावर जुनी धूळ घट्ट बसलेली होती आणि गंजलेल्या बोल्टांवर पान्याचा ओरखडाही नव्हता.

खरे काम एवढेच होते. आर्म दात्यांच्या दांड्यावर बसतो आणि नट ढिला झाला की तो एखाददुसरा दाता सरकतो. वायपर चालू करून बटणानेच बंद करावा, म्हणजे मोटार आपल्या मूळ जागी थांबते. नंतर नट काढून आर्म अलगद हलवत सोडवावा, ब्लेड हवे तिथे धरून पुन्हा बसवावा, नट आवळावा आणि काच ओली करून पूर्ण फेरा तपासावा. आर्म हाताने हलवल्यावर दांडा स्थिर राहून फक्त आर्म डुलत असेल, तर दोष याच सांध्यात आहे. दांडाही सैल वाटला, तरच लिंकेजकडे वळावे. माझ्या आर्मचे दाते मात्र सैल नटामुळे तोवर झिजले होते, त्यामुळे आर्म नवा घ्यावा लागला.

मोटारीचे फोटो समोर ठेवल्यावर गॅरेजवाल्याने बिल लिहिणाऱ्या मुलाकडे बोट दाखवले आणि सुट्या भागांचे पैसे परत केले. मजुरी मात्र त्याने ठेवून घेतली. ती बहुधा नट अर्धवट आवळल्याची असावी.