ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट: इथला रंग लावलेला नाही, बांधलेला आहे

व्हिक्टोरियन काळातलं एकच पॅरिश चर्च पाहण्याइतका वेळ लंडनमध्ये हाताशी असेल, तर तो मार्गारेट स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्सला द्यावा. ऑक्सफर्ड सर्कस स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटं लागतात आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दुर्बीण मात्र न्यावी, कारण बरंचसं काम डोळ्यांच्या खूप वर आहे.

वास्तुकार विल्यम बटरफील्ड. चर्चची बांधणी कशी असावी याचा आग्रहाने विचार करणाऱ्या एक्लेसिऑलॉजिकल सोसायटीला एक आदर्श नमुना उभा करायचा होता. १८५० च्या ऑल सेंट्स दिनी (१ नोव्हेंबर) ऑक्सफर्डचे धर्मशास्त्रज्ञ एडवर्ड पुसी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २८ मे १८५९ ला चर्चचं समर्पण झालं. खर्च गेला सुमारे ७०,००० पौंडांवर. जागा होती जेमतेम शंभर फूट लांब-रुंद, आणि तेवढ्यात चर्च, धर्मगुरूंचं घर आणि गायक मुलांची शाळा असं सगळं बसवायचं होतं. बटरफील्डने चर्च मागे सरकवलं, बाकीच्या दोन इमारती रस्त्यालगत घेतल्या आणि मध्ये चिमुकलं अंगण सोडलं. त्या अंगणातून २२७ फुटी शिखर धड दिसतच नाही. ते पाहायचं तर रस्त्याने बरंच दूर जाऊन मागे वळावं लागतं.

बाहेरची भिंत गुलाबी-लाल विटांची आहे, मधून काळ्या विटांचे आणि दगडाचे पट्टे फिरवलेले. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतलं चर्च म्हणजे करडा दगड, हा तेव्हाचा पक्का समज. वीट ही स्वस्ताची तडजोड असंही इथे म्हणता येत नाही, कारण निवडलेली वीट दगडापेक्षा महाग पडली. नक्षी भिंतीवर रंगवलेली नाही, ती बांधकामातच आहे. हे सूत्र डोक्यात ठेवून आत गेलात तर पुढचं सगळं उलगडत जातं.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं अंधारच जाणवेल. घाई करू नका, डोळे सरावू द्या. मुख्य दालन फक्त तीन कमानींचं आहे, पण उंचीमुळे ते तसं वाटत नाही. खांब घोटीव लाल ग्रॅनाइटचे, त्यांच्या माथ्यावर अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाची कोरीव पानं आणि कमानींच्या वर रंगीत दगडांचे जडवलेले भौमितिक आकार. प्रवचनपीठ हे संगमरवराचं काम आहे. त्याच्याजवळ मुद्दाम थांबा. आकारांपेक्षा दगडांच्या जोडणीतली सफाई पाहण्यासारखी आहे.

या वास्तूचा खरा धडा मिळतो तो पूर्वेच्या आणि उत्तरेच्या भिंतींची तुलना केल्यावर. शेजारच्या इमारती अगदी चिकटून असल्याने वेदीमागे पूर्वेला खिडकी काढता आली नाही. म्हणून ती संपूर्ण भिंत संतांच्या चित्रांसाठी विल्यम डाइस या चित्रकाराला दिली. त्याने थेट भिंतीवर रंगकाम केलं आणि ते लवकरच खराब होऊ लागलं. चुन्याच्या गिलाव्याला शहरी हवा मानवत नाही. ओलीबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि त्यांचे स्फटिक रंगाचा थर उचलतात. कोळशाच्या धुरातलं गंधक चुन्याचं जिप्सम करून टाकतं आणि मग रंगाला धरून ठेवणारं काही उरत नाही. १९०९ मध्ये वास्तुकार निनियन कॉम्परने त्याच चित्रांच्या प्रतिकृती फळ्यांवर रंगवून मूळ कामापुढे बसवल्या. आज दिसतात त्या या फळ्या. मांडणी डाइसची, हात कॉम्परचा.

उत्तरेच्या भिंतीवर १८७३ मध्ये टाइलचित्रं बसवली. आराखडा बटरफील्डचा, रंगकाम काचचित्रकार अलेक्झांडर गिब्सचं, मध्यभागी ख्रिस्तजन्म. इथे रंग भट्टीत भाजून टाइलशी एकजीव केलेला आहे, त्यामुळे भिंत ओलावली तरी आधी सांधे खराब होतात, चित्र नाही. चेहऱ्यांवरच्या रेषा किंचित कडक आहेत, हे कबूल करायला हवं. डाइसच्या मांडणीतला मोकळेपणा त्यांत नाही. तरीही दीडशे वर्षांनी डोळ्यांसमोर आहे ते मूळ काम.

रंगीत काचांचं नशीबही असंच फिरलं. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीतली आल्फ्रेद जेरांत या फ्रेंच काचचित्रकाराची काच कोणाला फारशी पटली नाही. १८७७ मध्ये तिच्या जागी गिब्सची काच आली, इंग्लंडमधल्या वेल्स शहरातल्या कॅथेड्रलच्या जेसीच्या वंशवृक्षाच्या (ख्रिस्ताची वंशावळ दाखवणाऱ्या) खिडकीवर बेतलेली. ती पाहायला दुपार कलल्यावरचं ऊन गाठा. उत्तरेच्या टाइल्सना मात्र ढगाळ दिवस चांगला, कारण थेट उजेडात त्या फार चकाकतात.

१९११ चं मेरीमातेचं छोटं उपासनास्थान कॉम्परचंच आहे. नाजूक, सोनेरी, स्वतंत्रपणे अतिशय देखणं, पण बटरफील्डच्या रांगड्या भिंतींशेजारी ते पाहुण्यासारखं वाटतं. आधी मुख्य दालन पुरतं पाहून घ्या आणि मगच तिकडे वळा.

शक्य असेल तर गायनासह उपासना असेल तेव्हा जा. हॅरिसन अँड हॅरिसनचा १९१० चा ऑर्गन चार कीबोर्डांचा आणि ६५ स्टॉपचा (वेगवेगळ्या नादाचे नळ्यांचे संच चालू-बंद करणाऱ्या खुंट्यांचा) आहे, म्हणजे एवढ्या आखूड दालनाच्या मानाने अवाढव्य. पुढच्या रांगेत बसू नका. मागे, पश्चिमेच्या भिंतीजवळ बसलात तर स्वर कमानींखालून एकत्र होऊन पोचतो.