'मुख्य करारानुसार' ही एक ओळ, की अटी उतरवून काढलेली वर्क ऑर्डर?

पोटकंत्राटाची वर्क ऑर्डर, म्हणजे घेतलेलं काम पुढे दुसऱ्या ठेकेदाराला देण्याचा कागद, तयार करताना हा प्रश्न दर वेळी पुढ्यात येतो. वरच्या, म्हणजे मालक आणि मुख्य ठेकेदार यांच्यातल्या करारातल्या अटी खालच्या ठेकेदारालाही लावायच्या आहेत. मग 'इतर सर्व अटी व शर्ती मुख्य करारानुसार लागू राहतील' असं लिहून मोकळं व्हायचं, की लागतील तेवढ्या अटी आपल्या कागदावर उतरवून घ्यायच्या? मी ठाणे-पुणे पट्ट्यात वॉटरप्रूफिंग आणि रंगकामाची कामं घेतो. कंपनीकडून काम घेताना मी खालचा असतो, रंगाचं काम पुढे देताना वरचा. त्यामुळे दोन्ही तऱ्हेच्या कागदांवर सह्या केल्या आहेत आणि दोन्हींचा त्रास काढला आहे. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर कागद वकिलाच्या नजरेखालून घालावाच. इथे लिहितोय ते साइटवरून दिसलेलं आहे.

आधी त्या एका ओळीची बाजू सांगतो, कारण ती कमकुवत नाही. मुख्य ठेकेदार मालकाला पाच वर्षांची गळतीची हमी देतो आणि खालच्याकडून एकाच वर्षाची घेतो, तेव्हा मधली चार वर्षं त्याच्या खिशातून जातात. 'मुख्य करारानुसार' म्हटलं की साखळीची सगळी कडी एका मापाची होते. याला आपल्याकडे बॅक टू बॅक म्हणतात, आणि वर बसलेल्या माणसाला तो हवा असतो यात काही गैर नाही. शिवाय वर्क ऑर्डर दोन पानांत संपते आणि त्याच संध्याकाळी माणसं साइटवर येतात. ज्यांचं वर्षानुवर्षं एकमेकांशी काम आहे, ज्यांनी मुख्य करार दोघांनी मिळून वाचलेला आहे, त्यांना मी या ओळीपासून परावृत्त करणार नाही.

मला मात्र ती ओळ नको झाली ती एका पोडियमच्या, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या सपाट गच्चीच्या, कामापासून. काम अठरा लाखांचं. रिटेन्शन, म्हणजे हमीपोटी बिलातून अडवून ठेवलेली रक्कम, पाच टक्के; नव्वद हजार. वर्क ऑर्डर दोन पानी, आणि नवव्या कलमात ती नेहमीची ओळ. रिटेन्शन हमी कालावधी संपल्यावर मिळणार हे मला ठाऊक होतं; काम संपल्यावर बारा महिन्यांनी असं मी धरून चाललो होतो. बारा महिने झाल्यावर बिल घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, 'हमी कालावधी अजून सुरूच झालेला नाही.' मुख्य करारात तो संपूर्ण प्रकल्पाच्या भोगवटा प्रमाणपत्रापासून मोजायचा होता. माझं पोडियम होऊन वर्ष झालं होतं, वरच्या मजल्यांचं प्लास्टर चालू होतं.

मी मुख्य करार पाहायला मागितला. पहिल्यांदा सांगितलं, गोपनीय आहे. तिसऱ्या खेपेला ऑफिसात बसवून फाइल समोर ठेवली, दरांची पानं रबरबँड लावून बंद केली आणि बाकीचं वाचा म्हणाले. हमीचं कलम सापडलं. त्याच्या शेजारी समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'विशेष अटी क्र. 14 पाहा.' विशेष अटी त्या फाइलीत नव्हत्या. त्या मुख्य कार्यालयात, दुसऱ्या फाइलीत. आणि असल्या करारांमध्ये विशेष अटी सर्वसाधारण अटींच्या वर असतात. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छापील करारातही कागदपत्रांचा क्रम तसाच दिलेला आहे: विशेष अटी आधी, सर्वसाधारण नंतर. म्हणजे मी जे कलम डोळ्यांनी वाचत होतो ते खरं लागू आहे की नाही, हे मला तिथे बसून कळायची सोयच नव्हती. माझा कागद एका कागदाकडे बोट दाखवत होता, तो कागद तिसऱ्याकडे, आणि तिसरा माझ्या हाती कधीच आला नाही.

नव्वद हजार शेवटी मिळाले, जवळजवळ तीन वर्षांनी. रकमेपेक्षा मला ती दुपार लागली. आपण सही करून स्वतःला ज्या अटीने बांधून घेतलं, ती वाचायला दुसऱ्याच्या ऑफिसात बसून परवानगी मागावी लागते, हे मला पटलं नाही. संदर्भाच्या ओळीबद्दल माझं मत बदललं ते तिथे.

आता वादाचा भाग, म्हणजे लवादाचं कलम: वाद न्यायालयाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या लवादाकडे सोडवायला न्यायचा, हे सांगणारं. इथे त्या एका ओळीवर विसंबणं दोन्ही बाजूंना धोक्याचं आहे. लवाद आणि समेट अधिनियम, 1996 च्या कलम 7(5) नुसार दुसऱ्या कागदातलं लवाद कलम तुमच्या कराराचा भाग होऊ शकतं. पण करार लेखी हवा आणि संदर्भही ते कलम आत आणणारा हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये एम. आर. इंजिनिअर्स विरुद्ध सोम दत्त बिल्डर्स या प्रकरणात याची फोड केली. केरळच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचं मुख्य काम होतं. पोटकंत्राटात मुख्य कराराच्या अटी लागू राहतील असं मोघम लिहिलेलं होतं, आणि तेवढ्याने मुख्य करारातलं लवाद कलम खाली उतरत नाही असं न्यायालयाने ठरवलं. कामाच्या अटी येतात, लवाद येत नाही. एखाद्या व्यावसायिक संस्थेच्या ठरलेल्या छापील अटींचा संदर्भ असेल तर मोघम उल्लेखही पुरतो, अशी सवलत त्यात होती. 2018 मध्ये आयनॉक्स विंड विरुद्ध थर्मोकेबल्स या निकालात ती एका पक्षाच्या स्वतःच्या छापील अटींपर्यंत वाढवली. मात्र 2024 च्या मार्चमध्ये एनबीसीसी विरुद्ध झिलियन इन्फ्राप्रोजेक्ट्स या प्रकरणात न्यायालय पुन्हा पहिल्या भूमिकेवर ठाम राहिलं. तिथे दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनच्या निविदेच्या अटी आवश्यक त्या फेरफारांसह लागू राहतील असं पत्रात होतं, आणि वाद फक्त दिल्लीच्या दिवाणी न्यायालयात जातील असंही त्याच पत्रात होतं. लवाद मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावं लागलं.

यातून व्यवहारापुरतं मी एवढंच घेतलं: लवाद हवा असेल तर 'मुख्य करारातील कलम अमुक, लवादासह, या कराराचा भाग आहे' असं नाव घेऊन लिहायचं. त्याहून बरं म्हणजे स्वतःचं चार ओळींचं लवाद कलम घालायचं. नको असेल तर नको असंही लिहायचं. यात गप्प बसलात तर दर कुणी बरोबर लावला यापेक्षा कुठल्या दारात जायचं यावरच आधी वर्ष दोन वर्षं भांडण होतं.

अटी उतरवून काढायची पद्धतही निर्दोष नाही. माझ्या रंगाच्या ठेकेदाराला मी पहिल्यांदा सगळं उतरवून दिलं तेव्हा चौदा पानं झाली. वरच्या करारात उशिराचा दंड आठवड्याला होता, माझ्याकडे टाइप करताना तो महिन्याला झाला. कुणाच्या लक्षात आलं नाही. काम रेंगाळलं, माझ्या बिलातून आठवड्याच्या हिशेबाने पैसे कापले गेले आणि मी खाली कापू शकलो ते महिन्याच्या हिशेबाने. फरक मला भरावा लागला. उतरवताना शब्द बदलतात, हा या पद्धतीचा खरा दोष. दुसरा दोष असा की चौदा पानं कुणी वाचत नाही. त्या माणसाने माझ्यासमोर पानं न उलटता शेवटच्या पानावर सही केली. तेव्हा मला त्याचं बरं वाटलं होतं, आता वाटत नाही.

म्हणून आता मी अटी पुन्हा टाइप करत नाही. मुख्य करारातली जी चार-पाच कलमं खरोखर खाली लागतात, त्या पानांच्या झेरॉक्स काढतो, त्यातल्या विशेष अटींसकट. दर आणि बाकी मजकूर झाकतो. पानांना क्रमांक देतो, परिशिष्ट म्हणून मागे लावतो, प्रत्येक पानावर दोघांची सही घेतो. वर्क ऑर्डरमध्ये ओळ येते ती अशी: 'सोबत जोडलेल्या परिशिष्ट अ मधील पान 1 ते 6 वरील अटी या कामास लागू राहतील. मुख्य करारातील इतर कोणतीही अट लागू राहणार नाही. वर्क ऑर्डर व परिशिष्ट यांत विसंगती आढळल्यास वर्क ऑर्डरमधील मजकूर ग्राह्य धरला जाईल.' मधलं वाक्य वरच्या कंपन्यांना आवडत नाही, आणि घासाघीस होते ती त्याच्यावरच. काही वेळा मला ते सोडावं लागलं आहे. पण पहिलं आणि तिसरं सोडलेलं नाही.

संदर्भ देणंच योग्य अशी एक जागा आहे, ती म्हणजे मानकं. आयएस 2645 (वॉटरप्रूफिंगच्या मिश्रणाचं भारतीय मानक) किंवा आयएस 456 (काँक्रीटचं) कुणी करारात उतरवू नये. तिथे नुसता क्रमांक पुरतो, फक्त वर्ष लिहायला विसरू नये. आयएस 456 च्या 1978 च्या आवृत्तीत आरसीसीला, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटला, एम 15 ही ताकदीची प्रत चालत होती, 2000 च्या आवृत्तीत किमान एम 20, म्हणजे जास्त ताकदीचं आणि जास्त सिमेंटचं, आलं. नुसतं 'आयएस 456 प्रमाणे' लिहिलं आणि काम दोन आवृत्त्यांच्या मध्ये सापडलं, तर सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब कुणाच्या माथी मारायचा? हेच सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीचं. जादा बाबींना 'चालू दरसूचीप्रमाणे' लिहिलेलं मी अजून पाहतो. चालू म्हणजे ऑर्डरच्या तारखेला, की काम केलं त्या तारखेला, की बिल पास झालं त्या तारखेला? वर्ष टाका, प्रश्न मिटतो.

काम लहान असेल, लाख-दीड लाखाचं आणि पंधरा दिवसांत संपणारं, तर परिशिष्टाचा खटाटोप करू नये असं मला वाटतं. स्वतःचं एक पान पुरे, आणि त्यात मुख्य कराराचं नावही नको. काम वर्षभर चालणार असेल आणि रिटेन्शन अडकणार असेल तर मात्र परिशिष्टासाठी एक दिवस घालवावा. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल. मला त्या एका दिवसाची भरपाई दर वेळी मिळाली आहे.

आणि वरची कंपनी करार गोपनीय आहे म्हणून झेरॉक्स द्यायलाच तयार नसेल तर? असं बऱ्याचदा होतं. तेव्हा मी ईमेलवर पाच प्रश्न पाठवतो आणि उत्तरं ईमेलवरच मागतो. हमी कालावधी कोणत्या तारखेपासून मोजायचा? रिटेन्शन कधी सुटणार? उशिराचा दंड किती आणि कमाल मर्यादा काय? मालकाकडून पैसे आले नाहीत तर माझं बिल थांबणार का? वाद कुठे न्यायचा? वर्क ऑर्डरमध्ये त्या ईमेलचा तारखेसह उल्लेख करून घेतो आणि ईमेलची प्रत मागे टाचतो. पाचपैकी तीनच उत्तरं आली तरी मी काम घेतलेलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर घेत नाही.