अपडेटनंतर स्मार्टवॉचची बॅटरी झपाट्याने उतरते: थांबावं, रीसेट करावं, बॅटरी बदलावी की घड्याळच?

सकाळी १०० टक्क्यांवर मनगटावर चढलेलं घड्याळ पूर्वी रात्रीच्या जेवणालाही ४० टक्क्यांवर असायचं, आणि अपडेट झाल्यापासून दुपारी चारलाच लाल खूण दाखवतंय. अशा वेळी चार वाटा असतात: दोन-तीन दिवस थांबणं, सेटिंग आणि रीसेट करून पाहणं, बॅटरी बदलून घेणं किंवा नवं घड्याळ घेणं. पहिल्या दोन फुकट आहेत आणि बहुतेक घड्याळं तिथेच सुधारतात. तरी घाईत माणूस सरळ तिसऱ्या-चौथ्या वाटेला लागतो आणि पैसे घालून बसतो. सोलापुरात आणखी एक गुंता होतो तो उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असतो, आणि त्या दिवसांत अपडेट आलं तर दोष अपडेटचा की उष्णतेचा हे नुसतं बघून कळत नाही.

पैसे खर्चण्याआधी दोन रात्रींची चाचणी

पहिल्या रात्री घड्याळ ८० टक्क्यांच्या वर चार्ज करा, मनगटातून काढून थंड जागी ठेवा, दहा वाजता टक्के लिहून ठेवा आणि सकाळी सहाला पुन्हा बघा. दुसऱ्या रात्री हेच करा, फक्त फ्लाइट मोड लावून आणि ब्लूटूथही बंद झालंय ना ते बघून; ॲपल वॉचवर ते वेगळं बंद करावं लागतं. ॲपल वॉच किंवा गूगलच्या वेअर ओएस या प्रणालीवर चालणारं सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच आठ तासांत साधारण ५ ते १० टक्के खाईल, ते ठीक. दोन-तीन हजारांच्या घड्याळांनी त्याहून कमी खायला हवं, कारण त्यांची प्रणाली फार हलकी असते.

पहिल्या रात्री २० टक्क्यांच्या पुढे गेलं आणि फ्लाइट मोडमध्ये ५ वर आलं, तर बॅटरी शाबूत आहे. दोष जोडणीत आहे: ब्लूटूथ, वायफाय, सिम किंवा फोनमधलं ॲप. दोन्ही रात्री सारखंच भरपूर उतरलं तर घड्याळाच्या आत काहीतरी सतत चालू आहे, म्हणजे रीसेटची वेळ आली. टक्के पायरी-पायरीने न उतरता ४५ वरून एकदम १२ वर पडले, किंवा २० टक्के दाखवताना घड्याळ बंदच झालं, तर बॅटरीचा सेल थकला असण्याची शक्यता मोठी.

चाचणी करताना खोली अंधारी करून घड्याळाची पाठ बघा. मनगटावर नसतानाही हिरवा दिवा लुकलुकत असेल तर हृदयाचे ठोके मोजणं चालूच आहे. स्वस्त घड्याळांत हे हमखास दिसतं. टेबलावरून परतलेला उजेड सेन्सरला त्वचेसारखा वाटतो. मोजणी 'सतत' असेल तर दर १० किंवा ३० मिनिटांवर आणा आणि त्या रात्रीची चाचणी पुन्हा करा.

थांबणं

अपडेट बसलं म्हणजे काम संपलं असं होत नाही. वेअर ओएस घड्याळ आपली ॲप्स नव्या आवृत्तीसाठी पुन्हा तयार करतं, ॲप्सची स्वतःची अपडेट्स येतात, फोटो आणि आरोग्याच्या नोंदी पुन्हा जुळवल्या जातात. हे सगळं एक ते तीन दिवस मागे चालू राहतं. ते लवकर उरकायचं तर घड्याळ रात्रभर चार्जरवर, फोनच्या शेजारी आणि घरच्या वायफायवर ठेवा. दर तासाला टक्के बघत स्क्रीन पेटवत राहिलात तर मोजमापच बिघडतं.

थांबण्याला आधार आहे. ॲपल वॉचची वॉचओएस १० ही प्रणाली आल्यावर काही जणांची बॅटरी लवकर उतरू लागली आणि नोव्हेंबर २०२३ मधल्या १०.१.१ या छोट्या अपडेटमध्ये ॲपलने त्यावर दुरुस्ती दिली. त्या काळात बॅटरी बदलून घेणाऱ्याला तिचा काही उपयोग नव्हता. जुन्या आवृत्तीवर परत जाणं मात्र विसरा. ॲपल वॉचवर ती सोय नाही, आणि इतर घड्याळांवर कुणी अनधिकृत फाइल टाकून देतो म्हणाला तरी घड्याळ कायमचं बंद पडण्याचा धोका असतो.

थांबण्याची मर्यादा तीन दिवस. चौथ्या दिवशीही घड्याळ चार्जरवर नसताना मनगटाला कोमट लागत असेल, तर ते आपोआप सुधारणार नाही.

सेटिंग आणि रीसेट

इथे मेहनत आहे, पण सर्वांत जास्त फळही इथेच.

आधी साधं रीस्टार्ट. ॲपल वॉचवर बाजूचं बटण आणि गोल क्राउन दोन्ही मिळून ॲपलचं चिन्ह येईपर्यंत, निदान १० सेकंद, दाबून धरा. अपडेट चालू असताना मात्र हे कधीही करू नका. गॅलेक्सी वॉच ४ आणि पुढच्या मॉडेलांवर दोन्ही बटणं स्क्रीन काळी होईपर्यंत धरायची. त्यानंतर फोनकडे वळा, कारण निम्मा दोष तिथे सापडतो. घड्याळ नवीन आवृत्तीवर आणि फोनमधलं त्याचं ॲप जुन्यावर असेल तर दोघांची जोडणी तुटत-जुळत राहते. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी ते ॲप मागून बंद करतो, घड्याळ पुन्हा हाक मारतं, फोन पुन्हा बंद करतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका.

मग अपडेटने काय काय चालू करून ठेवलंय ते तपासा. सतत पेटती स्क्रीन सर्वांत खादाड. त्याखालोखाल रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणं, मग हात उचलला की स्क्रीन पेटणं. हे तिसरं सोलापुरात कुणाला किती भारी पडेल हे कामावर ठरतं. यंत्रमागावर धागा जोडणारा, चादरींच्या घड्या घालणारा किंवा परातीत भाकरी थापणारा हात मिनिटाला कितीतरी वेळा वळतो, आणि घड्याळाला प्रत्येक वेळी वाटतं की वेळ बघितली जातेय. कामाच्या तासांत ही सोय बंद ठेवून बोटाने स्क्रीन पेटवली तर दिवसअखेर स्पष्ट फरक पडतो. ॲपल वॉचमध्ये सेटिंगमधल्या डिस्प्ले आणि ब्राइटनेसखाली हे बटण आहे, 'ऑलवेज ऑन'ही तिथेच. मागांच्या खडखडाटात ॲपल वॉचचं आवाज मोजणारं ॲपही इशारे देत राहतं. ते नको असतील तर बंद करा.

सिमवालं घड्याळ असेल तर ज्या शेडमध्ये किंवा तळघरात रेंज येत नाही तिथे मोबाइल नेटवर्क बंद ठेवा. रेंज शोधताना रेडिओ पूर्ण जोर लावतो आणि बॅटरी त्यातच जाते. बाहेरून उतरवलेला चकचकीत वॉचफेसही (स्क्रीनवरची तबकडी) काढून दोन दिवस मूळ काळा फेस ठेवून बघा. ॲमोलेड स्क्रीनवर काळा भाग पेटतच नाही, म्हणून हा बदल दिसतो तेवढा किरकोळ नाही.

इतकं करूनही जमलं नाही तर पेअरिंग, म्हणजे फोनशी असलेली जोडणी, तोडून नव्याने जोडा. तीन प्रकारच्या घड्याळांत इथे मोठा फरक आहे. ॲपल वॉच आयफोनमधल्या वॉच ॲपवरून अनपेअर केलं की बॅकअप आपोआप घेतला जातो, गमावण्यासारखं फारसं काही नसतं. सिमचा प्लॅन ठेवायचा का, असं विचारलं तर ठेवा म्हणा. गॅलेक्सी वॉचचा बॅकअप गॅलेक्सी वेअरेबल ॲपमधून आधी स्वतः घ्या आणि सॅमसंग हेल्थमध्ये नोंदी उतरल्या आहेत याची खात्री करा. स्वस्त घड्याळांत जे ॲपमध्ये सिंक झालं नाही ते गेलं. शिवाय कॉलिंगवाल्या घड्याळाची फोनच्या ब्लूटूथ यादीत बहुधा दोन नावं असतात, एक नोंदींसाठी आणि एक कॉलसाठी. रीसेटआधी दोन्ही 'फर्गेट' करा. एक नाव राहिलं तर फोन आणि घड्याळ जुन्या जोडणीच्या मागे लागतात आणि रीसेट वाया जातो.

बॅकअपबद्दल एक मत. आधी बॅकअप न घालता नवं घड्याळ म्हणून दोन दिवस वापरून बघावं. बॅटरी सुधारली तर दोष जुन्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या ॲपमध्ये होता हे कळतं. मग ॲप्स एकेक करून घाला. लगेच बॅकअप घातला तर कधीकधी दुखणंही परत येतं.

बॅटरी बदलणं

घड्याळ दोन-तीन वर्षांचं असेल तर अपडेटने बॅटरी मारलेली नसते, थकलेली बॅटरी उघडी पाडलेली असते. नवीन आवृत्ती थोडा जास्त भार मागते आणि जो सेल कसाबसा रात्र गाठत होता तो दुपारीच बसतो. ॲपल वॉचमध्ये सेटिंग, बॅटरी, बॅटरी हेल्थ इथे कमाल क्षमता दिसते. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बदलणं योग्य. ९० च्या आसपास असेल तर बॅटरीवर पैसे घालू नका, रीसेटकडे परत जा.

अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि नवी पेठेसारख्या बाजारातलं दुरुस्तीचं दुकान यांत निवडताना फक्त दर विचारून चालत नाही. घड्याळ उघडताना स्क्रीनखालचा गोंद गरम करून सोडवावा लागतो आणि पाणी अडवणारी पट्टी तुटते. नवी पट्टी बसवणार का आणि नंतर पाण्याची चाचणी करणार का, हे दोन प्रश्न आधी विचारा. उत्तर नाही असेल तर त्या घड्याळाला पुढे नळाखालीही धरू नका. महागड्या घड्याळाला अधिकृत ठिकाणच बरं. स्वस्त घड्याळाचा नेमका सेल मिळणं कठीण, आणि जाडीत जरासा मोठा सेल कोंबला की स्क्रीन उचलली जाते. स्क्रीन आधीच एका कडेने वर आली असेल तर सेल फुगलाय: चार्ज करणं त्याच क्षणी थांबवा, घड्याळ दाबून बसवायला जाऊ नका.

वॉरंटी चालू असेल तर एक पैसाही न देता आधी तक्रार नोंदवा. जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रारीच्या पावतीवर, 'अपडेटच्या तारखेपासून बॅटरी उतरते' हे वाक्य, आवृत्तीचा क्रमांक आणि दोन रात्रींचे आकडे लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

नवं घेणं

बॅटरी बदलण्याचा खर्च नव्या घड्याळाच्या निम्म्यावर जात असेल, किंवा कंपनीने तुमच्या मॉडेलला अपडेट देणंच थांबवलं असेल, तर नवं घ्यावं. यात आधी ठरवा की तुम्हाला ॲप्स हवीत की बॅटरी. ॲपल वॉचच्या नेहमीच्या मॉडेलांना कंपनी १८ तास सांगते, नव्या सिरीज ११ ला २४. रोज चार्जर लागणारच. नुसते ठोके, पावलं आणि कॉलची सूचना हवी असेल तर हलक्या प्रणालीचं घड्याळ आठवडाभर चालतं. ब्लूटूथ कॉलिंग वापरलं की तो आठवडा दोन-तीन दिवसांवर येतो, खोक्यावरचा मोठा आकडा कॉलिंग बंद ठेवून काढलेला असतो.

मे महिन्यात मात्र निर्णय घेण्याआधी घड्याळाला सावलीत आणा. ॲपल आपल्या घड्याळासाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ते कधीच ओलांडलेलं असतं. अशा उष्णतेत चार्जिंग मध्येच थांबतं आणि सेल कायमचा झिजतो. खिडकीतल्या उन्हात किंवा दुचाकीच्या डिकीत घड्याळ ठेवू नका, चार्ज पहाटे करा, आणि दोन रात्रींची चाचणी घरातल्या सर्वांत थंड खोलीत घ्या.