पालिकेच्या उपनगरी रुग्णालयाचा अपघात विभाग : सेप्सिसच्या एका रात्रीचा अनुभव

जुलैत आठवडाभर कुर्ल्याच्या साचलेल्या पाण्यातून कामावर ये-जा केल्यानंतर बाबांना ताप भरला. चौथ्या दिवशी ते असंबद्ध बोलू लागले, म्हणून रात्री साडेअकराला आम्ही त्यांना पालिकेच्या एका उपनगरी रुग्णालयात नेले. लेप्टोस्पायरोसिसमुळे (दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था, झाल्याचे निदान पुढे झाले.

केसपेपर निघायच्या आतच निवासी डॉक्टरांनी त्यांना तपासले. वरचा रक्तदाब ८४, श्वास मिनिटाला २८ आणि शुद्ध हरपत चाललेली. रक्त कल्चरसाठी (जंतू ओळखण्याच्या तपासणीसाठी) काढून त्यांनी लगेच सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हे प्रतिजैविक दिले. आम्ही दारात पाऊल ठेवल्याला तेव्हा तासही झाला नव्हता.

अवयवांना पुरेसे रक्त पोहोचत नसले की रक्तात लॅक्टेट हा घटक वाढतो; रात्री तो मोजण्याची सोय तिथे नाही. त्याऐवजी डॉक्टर दर अर्ध्या तासाने बाबांच्या बोटाचे टोक दहा सेकंद घट्ट दाबून सोडत आणि पांढरे पडलेले टोक पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो, ते घड्याळात पाहत. तीन सेकंदांच्या आत यायला हवे होते, सुरुवातीला सहा लागले. ही पद्धत केवळ नाइलाजाची नाही. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत झालेल्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत (२०१९) तिच्या आधारे केलेले उपचार लॅक्टेटवर आधारलेल्या उपचारांपेक्षा कमी ठरले नव्हते.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो सलाइन देण्यातला विवेक. आंतरराष्ट्रीय सूचनांप्रमाणे पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली, म्हणजे ६० किलोच्या बाबांना १८०० मिली द्यायचे. पण जादा सलाइनने फुफ्फुसांत पाणी भरू शकते, त्यामुळे व्हेंटिलेटर हाताशी नसताना हा हिशेब डोळे मिटून पाळणे जिवावर बेतू शकते. झांबियातील लुसाका येथील चाचणीत (२०१७) ठरावीक क्रमाने भरपूर सलाइन आणि रक्तदाबाची औषधे दिलेल्या रुग्णांपैकी ४८ टक्के दगावले, तर नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के. तिथले बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते, त्यामुळे ते आकडे मुंबईला जसेच्या तसे लागू होत नाहीत. सावधपणा मात्र लागू होतो. इथे ५०० मिलीची प्रत्येक बाटली संपली की डॉक्टर बाबांना कुशीवर वळवून पाठीला स्टेथोस्कोप लावत. तिसऱ्या बाटलीनंतर फुफ्फुसांच्या तळाशी पाणी साचू लागल्याचा आवाज ऐकू येताच त्यांनी सलाइन मंद केले, सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) वाट न पाहता नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रक्तदाब वाढवणारे औषध हाताच्या शिरेतूनच सुरू केले आणि सुईजवळ सूज येते का, यावर सिस्टरना लक्ष ठेवायला सांगितले.

तक्रारी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. आयसीयूत खाट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी घेऊन मध्यरात्री मी तीन औषध दुकाने पालथी घातली. ज्याच्यासोबत कोणी नाही, त्या रुग्णाने काय करावे? चाळीसेक रुग्णांमागे दोनच सिस्टर होत्या, त्यामुळे लघवीची पिशवी पाहण्याचे काम माझ्याकडे आले. तासाला ३० मिलीपेक्षा कमी दिसली, तर लगेच हाक मारायची होती. हे काम नातेवाइकांवर पडता कामा नये, तरीही ते नीट समजावून दिले गेले, याची नोंद करतो.

पहाटे पाचला पिशवीत चाळीसची रेषा ओलांडली गेली. सिस्टरनी आकडा लिहून घेतला, डॉक्टरांनी पुन्हा बोट दाबून पाहिले, आणि या वेळी ते दोन सेकंदांत गुलाबी झाले.