कोल्हापुरात राजारामपुरीतलं फिजिओ सेंटर, आईच्या खांद्यासाठी दीड महिना जातोय

आईचा उजवा खांदा सहा महिने धरलेला, अंबाडा घालायचा तर मला हाक मारायची. शुगर आहे तिला, डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर आहे, फिजिओ सुरू करा. आधी घराजवळ एका ठिकाणी गेलो, नाव घेत नाही, तिथं लोखंडी कॉटवर झोपवून मशीन लावलं आणि मुलगा बाहेर फोनवर बोलत बसला, पाटल्यासुद्धा काढायला सांगितल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खांद्यावर लाल चट्टा. आईला भाजतंय ते कळलंच नव्हतं. अजून आठवलं की राग येतो.

मग इथं आलो. मॅडमनी आधी मशीनला हातच लावला नाही, दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी एकीत गार, "डोळे मिटा काकू, कुठली लागली सांगा". शुगरवाल्यांची कातडी कधीकधी बधिर होते, चटका बसला तरी समजत नाही, म्हणून हे बघायचं असतं. आईला कळत होतं पण जरा उशिरा, म्हणून पॉवर कमीच ठेवणार म्हणाल्या आणि चट्टा बरा होईपर्यंत मशीन नाही, आठ दिवस नुसता व्यायाम. तिथंच मला माणसं पटली.

मशीन शॉर्टवेव्ह डायथर्मीचं आहे, त्यावर २७.१२ मेगाहर्ट्झ लिहिलंय. मी विचारलं ही तर रेडिओची फ्रिक्वेन्सी झाली की, तर हो म्हणाल्या, रेडिओच्याच लहरी, त्यानं आतल्या पाण्याचे आणि क्षारांचे कण हलतात आणि ऊब आतच तयार होते. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक कातडीखाली सेंटिमीटरभर जातो फार तर, हा तीन ते पाच सेंटिमीटर. धातू असला की या लहरी तिथंच एकवटतात आणि भाजतं, म्हणून तर धातूची एवढी भीती. पाटल्या, मंगळसूत्र, सेफ्टी पिन सगळं काढायला लावतात, बेड लाकडी, एक पॅड खांद्याच्या पुढं एक मागं, मधे कोरडा टॉवेल कारण घाम साचला तर तिथंच भाजतं. हातात बंद करायचं बटण देतात. १५ मिनिटं, आणि मॅडम तिथंच उभ्या असतात, दर थोड्या वेळानं "कोमटच वाटतंय ना?"

एकदा मामा सोबत आले होते, त्यांना पेसमेकर आहे. दारातच विचारलं आणि त्यांना मशीनच्या खोलीपासून लांब बाहेरच्या बाकावर बसवलं. पायात रॉड असलेल्या एका काकांना तर रॉडच्या जागी हा शेक चालणार नाही म्हणून फक्त व्यायाम दिला.

शेक झाला की लगेच पुली आणि भिंतीवर बोटं चढवायची, आतलं आवळलेलं सैल असतं तेवढ्यातच ताण द्यायचा. नुसता शेक घेऊन घरी गेलात तर खांदा सुटणार नाही हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. आईला रडू यायचं त्या व्यायामात, खरं सांगते. आता हात कानाच्या वर जातोय, मागं पाठीकडं अजून नाही.

त्रास म्हणाल तर मशीन एकच आहे, जिना उभा आहे आणि संध्याकाळी गाडी लावायला जागा नाही. सकाळी दहाच्या आत जावा, आणि जुनी ऑपरेशनं, गोळ्या, अंगात काय बसवलंय ते सगळं लिहून न्या.