नवजात बाळाचं फोटोशूट: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

फोटोशूट झालं तेव्हा लेक अकरा दिवसांची होती, आता आठ महिन्यांची आहे. अल्बम घरात येऊन सहा महिने झाले आणि तो दोन दिवसांआड तरी कुणीतरी उघडतंच. म्हणून आता सविस्तर लिहितेय.

बाळंतपणाला मी माहेरी, परभणीला होते. सातव्या महिन्यातच चौकशी सुरू केली. जिथे विचारलं तिथे एकच सांगणं: 5 ते 14 दिवसांच्या आत उरका. त्या दिवसांत बाळ गाढ झोपतं, पोटात होतं तसं अंग मुडपून पडतं. पुढे झोप सावध होते, हातपाय ताणायला लागतं, तोंडावर पुरळही येऊ शकतं. इकडे आजीचं, म्हणजे लेकीच्या पणजीचं म्हणणं, सुवेर फिटेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस नको. बाराव्या दिवशी बारसं. राहिला अकरावा दिवस, तोच धरला. ताईंनी (फोटोग्राफर बाईच होत्या, नांदेडहून आल्या) आधी पक्की तारीख दिलीच नाही. अंदाजे आठवडा राखून ठेवला आणि बाळ झालं की फोन करा म्हणाल्या. लेक दहा दिवस आधी आली तरी जमलं ते यामुळेच.

स्टुडिओत जायचा प्रश्नच नव्हता, सव्वा महिन्याच्या आत बाळ बाहेर न्यायचं नाही. घरी बोलावलं हे फार बरं झालं. माझे टाके ओले होते, दर तासाला पाजायला लागत होतं. स्वतःच्या पलंगावर बसून ते निभावलं.

डिसेंबर होता आणि परभणीची थंडी मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. उघड्या बाळासाठी खोली 27-28 अंश तरी हवी. आजी शेकाची शेगडी आणून ठेवायला निघाली, पण दारंखिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाचा वायू जिवावर बेततो, म्हणून ती अंगणातच ठेवली. शेजारच्या काकूंचा तेलाचा हीटर तासभर आधी लावला. ताईंनी अंगठ्या काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले, मास्क लावला. त्यांना सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, हे मी फोनवरच सांगितलं होतं. तुम्हीही सांगा, संकोच करू नका.

साडेतीन तास चाललं. त्यात खरे फोटो पाऊण तासाचे. बाकी पाजणं, शी-शू, थोपटणं. घाई करणारा माणूस या कामाला नकोच. हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बाळ बेडकासारखं बसलेला फोटो मला हवा होता. ताईंनी समजावलं की तो दोन फोटो जोडून करतात: एकात कुणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं, बाळाला क्षणभरही मोकळं सोडत नाहीत. त्या दिवशी लेक चिडचिडी होती, तर त्यांनी तो फोटो सरळ रद्द केला. तेव्हा मी हिरमुसले होते, आज त्यांचे आभार मानते.

आता अल्बमबद्दल. टोपलीतले, फुलांच्या मुकुटातले फोटो सुंदर आहेत, पण ती पानं भराभर उलटतात. हात थांबतो तो जवळून घेतलेल्या चार फोटोंवर. कानाच्या पाळीवरची मऊ लव. वरच्या ओठावर दूध ओढून आलेला छोटासा फोड. पायाच्या तळव्याची पापुद्रे सुटलेली कातडी आणि तिथेच टेकवलेली काजळाची तीट. (डोळ्यांत काजळ नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आजी तळव्यावर राजी झाली.) चौथा आजीच्या गोंदलेल्या मनगटावर तिची मूठ. लव, फोड, पापुद्रे, सगळं महिन्याभरात गेलं. मोबाइलमध्ये त्या दिवसांचे दोनशे फोटो आहेत, एकातही हे दिसत नाही.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. जन्मतः तिच्या पापण्यांवर आणि कपाळाच्या मधोमध लालसर डाग होता, पाठीवर खाली निळसर. दोन्ही निरुपद्रवी, हळूहळू फिके पडतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अल्बममध्ये ते कुठेच नाहीत, एडिटिंगमध्ये पुसले. मी न पुसलेले फोटो मागितले तर कच्च्या फायली देत नाही असं उत्तर आलं. खूप विनवल्यावर दोन मिळाले. कपाळावरचा डाग आता जवळजवळ गेलाय. तो जपलेला राहिला तो त्या दोन फोटोंतच. शिवाय तीन आठवड्यांत मिळणारा अल्बम दोन महिन्यांनी आला.

प्रवासखर्चासकट साडेआठ हजार गेले, वीस फोटो आणि अल्बम. त्या चार पानांसाठी मला ते जास्त वाटत नाहीत.

लातूरच्या जावेला गणपतीत दिवस भरतायत. तिने याच ताईंना ठरवलंय. पैसे पाठवायच्या आधी मी तिला मेसेजमध्ये लिहून घ्यायला लावलं: जन्माचे डाग पुसायचे नाहीत, मूळ फोटो पेनड्राइव्हवर द्यायचे. ताई हो म्हणाल्यात.