साडेसहाशेचा टॉर्च किट, आणि वरून एक पाव

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून तांब्याच्या पाइपा जोडायचा किट घेतला, दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पुढं गाऱ्हाणं आहे. साडेसहाशेला टॉर्चचं डोकं, 220 ग्रॅमचा ब्युटेनचा कॅन, सोल्डरचं, म्हणजे डाख द्यायच्या तारेचं, बंडल आणि फ्लक्सची, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावायच्या मलमाची, इवलीशी डबी. दुकानदार महागाचा माल सगळा वरच्या फळीवर ठेवतो, 2019 च्या पुरापासूनची सवय म्हणे, त्यानं शिडी लावून काढून दिल्यावर नको म्हणायला जीभ रेटेना.

काम काय तर गच्चीवरच्या सोलर हीटरची 15 एमएमची तांब्याची लाइन एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, थेंब थेंब गळत होती. प्लंबरला चार फोन केले, "येतो की दादा उद्या". आता सगळे सीपीव्हीसीच्या प्लॅस्टिक पाइपा चिकटवणारे, तांब्याला कोण हात लावतंय.

टॉर्च मात्र झकास निघाला राव. पहिल्या खटक्यात पेटतो, निळी ज्योत, वाऱ्यात पण टिकली. फक्त कॅन पेटल्या पेटल्या आडवा करू नका, आतला गॅस पातळच बाहेर येतो आणि हातभर पिवळा जाळ, मी केलं आणि भिंतीचा रंग फुगला. मागं ओलं पोतं लावा, शेजारी प्लॅस्टिकची पाइप असेल तर नक्कीच.

सोल्डरवर माझा खरा राग आहे. बंडलावर 60/40 लिहिलेलं, म्हणजे 40 टक्के शिसं, हे रेडिओ दुरुस्तीवाल्यांचं. आमची तीच लाइन स्वयंपाकघरात पण जाते. दुकानदार म्हणतो "सगळे हेच नेतात की". नेत असतील, पिण्याच्या पाण्याला शिशाचा डाख चालत नाही म्हणजे नाही. शेवटी बिनशिशाचं ऑनलाइन मागवलं, त्याला उष्णता जास्त लागते, 60/40 साधारण 183 डिग्रीला वितळायला लागतं, हे 227 च्या पुढं. फ्लक्स पण वाळून खडा झालेला, ती डबी वेगळी आणली.

आण्णा खुर्ची टाकून बघत बसलेले. मी पॉलिश पेपरनं पाइपचं टोक आणि एल्बोची आतली बाजू लालभडक होईपर्यंत घासली, फ्लक्स लावला, तर म्हणाले, "अरे ही तर कल्हई, नवसागराच्या जागी तुझं हे मलम." आणि खरंच तेच आहे, कथीलच ते. ज्योत एल्बोला द्यायची, सोल्डरला नाही, आणि सोल्डर उलट्या बाजूनं टेकवायचं, तांबं पुरेसं तापलं की ते फटीत आपोआप ओढलं जातं, कडेनं चंदेरी रिंग दिसली की बास. जास्त तापवलं तर फ्लक्स जळून काळा पडतो, मग पुन्हा घासत बसा.

माझं मात्र तापेचना, अर्धा कॅन संपला. व्हॉल्व्ह बंद होता पण पूर्ण बसत नव्हता, आत पाणी झिरपत होतं, आणि पाणी आहे तोवर पाइप शंभरच्या वर जातेय कशाला. शेजारचे एसीवाले मामा वर आले, बघून हसले, "पाव आहे का घरात?" मला वाटलं भूक लागली. पावाचा मऊ गर, कडा काढून, पाइपमध्ये बोटानं कोंबला, तो पाणी शोषत बसला तेवढ्यात दोन मिनिटांत जोड झाला. नंतर पाणी सोडलं की पाव विरघळून वाहून जातो, फक्त नळाची जाळी आधी काढा. मी काढली नव्हती, बायकोनं शॉवर सुरू केला आणि मग जे ऐकलं ते इथं टाइप करण्यासारखं नाही.

टॉर्चला चार स्टार, किटला दोन. टॉर्च सुटा मिळत असेल तर सुटाच घ्या. आणि हो, गॅसच्या तांब्याच्या लाइनला हे करू नका, तिथं माणूस बोलवा.

जोड तीन आठवडे कोरडा आहे. आण्णांनी माळ्यावरची दोन पितळी पातेली काढून ठेवलीत, टॉर्च आहेच म्हणून.